गाडी टायर खातेय? अलाइनमेंटला पळायच्या आधी हे बघा

टायर एका बाजूने झिजलेला दिसला की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो, "अलाइनमेंट करून घे", म्हणजे चाकांचे कोन मशीनवर बरोबर लावून घे. माणूस जातो, अर्ध्या तासात काम होतं, पैसे देतो आणि तीन-चार महिन्यांनी बघतो तर तोच टायर आतून परत गुळगुळीत, मग शिव्या टायर कंपनीला. खरं म्हणजे अलाइनमेंट ही सगळ्यात शेवटी करायची गोष्ट आहे आणि आपण ती सगळ्यात आधी करतो. हवा बरोबर नसेल, लोअर आर्मचा बुश (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातलं रबर) गेलेला असेल, टाय रॉडला (स्टेअरिंगवरून चाक वळवणाऱ्या दांड्याला) प्ले, म्हणजे सैलपणा, असेल तर मशीनवर आकडे मस्त हिरवे दिसतात पण गाडी रॅम्पवरून उतरून पहिल्या खड्ड्यात गेली की त्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. म्हणून क्रम असा धरायचा: आधी हवा, मग टायर नीट बघणं, मग खालचं सामान, मग मशीन. त्याच क्रमाने लिहितो. पहिलीच गाडी घेतली असेल त्यांच्यासाठी आहे हे, बाकीच्यांनी सरळ खाली पायरी ६ कडे, मशीनच्या प्रिंटच्या भागाकडे जायला हरकत नाही.

गाडी म्हणजे इथे नेहमीची घरची गाडी, स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेन्टी, वॅगनार, नेक्सॉन असल्या. या सगळ्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असतात आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच आडव्या बीमला. हे लक्षात ठेवा, पुढे दुकानात याचा उपयोग होणार आहे.

पायरी १: हवा

कंटाळवाणं वाटेल पण अर्ध्याहून जास्त भानगडी इथेच सापडतात असं माझं मत आहे. हवा सकाळी गाडी काढायच्या आधी बघायची, टायर थंड असताना. दहा-पंधरा किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर टायर गरम झालेला असतो, आकडा वाढलेला दिसतो आणि पंपावरचा पोरगा चांगली हवा काढून टाकतो, मग दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये हवा कमी. एक साधा डिजिटल गेज घेऊन ठेवा, काही शे रुपयात येतो, कारण पंपावरच्या मशीनचे आकडे दोन पंपांवर दोन असतात हे कोणीही बघून घ्यावं.

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतं तिथे लिहिलेलं असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. टायरच्या साइडवर हवेचा जो आकडा असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा आकडा नाही! हे खूप जण चुकतात. स्टिकरवर बऱ्याचदा दोन ओळी असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक फुल लोडसाठी, आणि पाच जण, डिकी भरलेली, वर कॅरियर असं गणपतीला कोकणात निघालात तर दुसरी ओळ बघायची, विशेषतः मागच्या टायरला. परत आल्यावर पुन्हा पहिल्या ओळीवर.

हवा सतत कमी राहिली तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात आणि मध्ये नक्षी शिल्लक राहते. सतत जास्त राहिली तर उलटं, मधला पट्टा झिजतो. आजकालच्या रेडियल टायरमध्ये मधली झीज पटकन कळत नाही पण दोन्ही कडांची कळते. तर दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर आधी अलाइनमेंटवाल्याकडे जायचं काही कारण नाही, गेज घ्या आणि पंधरा दिवसातनं एकदा हवा बघा. नायट्रोजनबद्दल लोक विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, नुसता नायट्रोजन भरला तर प्रेशर जरा हळू उतरतं एवढाच फायदा, वाकडी झीज त्याने थांबत नाही. फुकट मिळत असेल तर घ्या.

कमी हवेचा दुसरा प्रकार जास्त वाईट आहे. कमी हवेचा टायर चालताना साइडने सतत दबतो-उठतो, त्याने आतून तापतो, आणि उन्हाळ्यात सलग वेगात गेलात तर फुटतो. समृद्धी महामार्गावर मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर आहे, कारला १२० ची मर्यादा, सगळा काँक्रीट, मध्ये वेग कमी करायला फार कारण नाही, तिथे कमी हवेचा किंवा गुळगुळीत टायर घेऊन जाणं म्हणजे उगाच जिवाशी खेळ. आरटीओवाल्यांनी एंट्रीवर टायर तपासायला सुरुवात केली होती ती काही हौस म्हणून नाही.

पायरी २: टायर वाचा

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा म्हणजे पुढच्या एका टायरची पूर्ण नक्षी बाहेर येते, मग दुसऱ्या बाजूला फिरवून दुसरा. नुसतं बाहेरून उभं राहून बघू नका, बाहेरची कड छान दिसते आणि आतल्या कडेला तार दिसायला लागलेली असते असे टायर रोज दिसतात. मागच्या टायरची आतली बाजू अशी दिसत नाही, तिथे मोबाइलचा टॉर्च लावून हात आत घालून फोटो काढा. गाडी चालू असताना नाही हे सांगायला नको, तरी सांगतो.

टायरच्या साइडवर वरच्या कडेला एक छोटा त्रिकोण किंवा टी डब्ल्यू आय अशी अक्षरं दिसतील. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत बघितलं तर एक छोटा उंचवटा असतो, खाचेच्या तळापासून १.६ मिलिमीटर उंच. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर कायद्याने सुद्धा संपला. नवीन टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. पण माझं म्हणणं, पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर नव्याचा विचार करा, कारण पाणी बाहेर काढायचं काम या खाचाच करतात आणि १.६ वर आल्यावर साचलेल्या पाण्यात गाडी तरंगल्यासारखी होते.

आता मोजा. ट्रेड डेप्थ गेज ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो, नाहीतर मुलांच्या कंपासमधली छोटी पट्टीही अंदाजाला चालेल. प्रत्येक टायर तीन ठिकाणी: आतली कड, मध्य, बाहेरची कड. चार टायर म्हणजे बारा आकडे, तारीख आणि किलोमीटर टाकून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हा उद्योग कोणी करत नाही, आणि म्हणूनच दुकानात गेल्यावर तो सांगेल ते ऐकावं लागतं.

मग हात फिरवा. तळहात नक्षीवरून बाहेरून आत न्या, मग आतून बाहेर आणा. एका दिशेने मऊ लागतंय आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचतंय असं झालं तर तो टो बिघडल्याचा पुरावा आहे, आणि डोळ्यांना झीज दिसायच्या खूप आधी हाताला कळतो. (टायरमध्ये कधी तार किंवा खिळा अडकलेला असतो, आधी नजर मारा मग हात.)

टो म्हणजे काय, तर सरळ उभे राहा आणि पायाचे अंगठे थोडे आत वळवा, ते टो इन. बाहेर वळवा, ते टो आउट. वरून बघितलं तर चाकं तशी आत किंवा बाहेर वळलेली. टो इन जास्त झाला की बाहेरची कड जाते, टो आउट झाला की आतली. आणि टायरची वाट लावण्यात टोचा हात कोणी धरत नाही. हिशोब करून बघा: चाक सरळ दिशेपेक्षा फक्त पाव डिग्री तिरकं असेल, जे डोळ्यांना अजिबात दिसणार नाही, तर ते दर किलोमीटरला साधारण ४.४ मीटर आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरला ४४ किलोमीटर आडवं! रबर कुठे जातं ते कळलं.

कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक उभं आहे की वरून आत-बाहेर कललेलं. वरची बाजू आत कलली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर आणि आतली कड झिजते, पण ती झीज सरळ तासल्यासारखी असते, करवतीचे दाते लागत नाहीत. थोडा निगेटिव्ह कॅम्बर कंपनीनेच दिलेला असू शकतो, त्याला घाबरायचं नाही.

तिसरा कॅस्टर, तो टायर खात नाही, गाडी एका बाजूला ओढण्याशी आणि स्टेअरिंग आपोआप सरळ होण्याशी त्याचा संबंध. सोडून देऊ.

आता महत्त्वाचं. दोन्ही पुढचे टायर आतून (किंवा दोन्ही बाहेरून) झिजले असतील तर बहुतेक वेळा टो. कारण चालताना स्टेअरिंग स्वतःच मध्ये येतं आणि टोची चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. एकच टायर एका कडेने झिजला आणि त्याचा जोडीदार ठीक, तर मग त्याच बाजूचं काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय, म्हणजे लोअर आर्म, स्ट्रट, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग). आपल्याकडे डावं पुढचं चाक जास्त मार खातं, समोरून मोठी गाडी आली की आपण साइडपट्टीवरून खाली उतरतो आणि परत चढतो, ती धार त्या चाकालाच लागते.

पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा थोड्या जास्त झिजल्या असतील आणि तुमचं रोजचं जाणं-येणं घाटातलं असेल, आंबा घाट, कुंभार्ली, ताम्हिणी असं, तर काही बिघडलंय असं लगेच धरू नका. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या वळणावर बाहेरच्या कडेवर जोर घेतात, ती झीज चालवण्याची आहे. वळणं जरा हळू घ्या आणि टायर वेळेवर पुढे-मागे करा.

टायरवर जागोजागी वाटीसारखे खळगे, कुठे उंच कुठे खोल असं असेल तर ते शॉकअपचं काम, चाक रस्त्यावर दाबून न बसता उड्या मारत चाललंय. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं असणं) गेलेलं असलं तरी असं होतं. असे टायर ६०-७० च्या वेगात गूंऽऽ असा आवाज करतात आणि लोक बेअरिंग बदलून मोकळे होतात! फरक ओळखायचा असेल तर, रस्ता बदलला की, म्हणजे काँक्रीटवरून डांबरावर आलात की आवाज बदलला तर टायर. स्टेअरिंग हलकं डावीकडे-उजवीकडे केल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर बेअरिंगवर संशय घ्या.

टायर बघतोच आहोत तर साइडवरचा चार आकडी कोडही बघून घ्या. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. गाडी कमी चालते म्हणून नक्षी भरपूर आहे पण रबर सात-आठ वर्षांचं आहे, साइडला बारीक चिरा पडल्यात, अशा टायरला अलाइनमेंट करून काही उपयोग नाही. साइडला फुगा आला असेल तर तो टायर आजच काढा, त्याला रिपेअर नाही.

पायरी ३: चालवून बघा

रिकामा, सरळ, सपाट रस्ता शोधा, सकाळी लवकर. ४०-५० च्या वेगात स्टेअरिंगवरचा हात सैल सोडा, पूर्ण काढू नका. गाडी हळूहळू डावीकडे जाते असं वाटेल, तर लगेच घाबरायचं नाही. पाणी वाहून जायला आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे थोडं डावीकडे जाणं साहजिक. पटकन ओढत असेल किंवा चक्क उजवीकडे जात असेल तर मात्र काहीतरी आहे.

ओढतंय फक्त ब्रेक मारल्यावर? मग ब्रेक बघा. दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या. एक बाजू खूप गरम असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जाम आहे, अलाइनमेंटवाल्याला पैसे देऊन ते सुटणार नाही.

सतत एकाच बाजूला ओढत असेल तर एक फुकटातली युक्ती: पुढची दोन चाकं आपसात बदला, डावं उजवीकडे. ओढायची दिशा बदलली की दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही. दिशा तीच राहिली तर मग गाडीचा. फक्त टायरवर बाण असेल, म्हणजे एकाच दिशेने फिरणारा टायर असेल, तर ही अदलाबदल करू नका.

८० ते १०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं आणि खाली-वर गेलं की थांबतं, ही बॅलन्सिंगची तक्रार. पावसाळ्यात शेताकडच्या रस्त्याला गेला असाल तर त्याच्याही आधी रिमच्या आतल्या बाजूला बघा, चिखल चिकटून वाळलेला असतो आणि तेवढ्यानेसुद्धा स्टेअरिंग थरथरतं, पाण्याचा जोरात फवारा मारला की संपलं.

पायरी ४: खालचं सामान

हे घरी करायचं असेल तर नीट करा, नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीकडे रॅम्पवर करा. गाडीच्या जॅकवर भरवसा ठेवून खाली कधीही शिरायचं नाही. सपाट पक्की जागा, गिअरमध्ये गाडी, मागच्या चाकाला दगड, जॅक फक्त खुणेच्या जागी, आणि जॅक सरकलाच तर म्हणून काढलेली स्टेपनी सिलच्या (दरवाज्यांखालच्या कडेच्या) खाली आडवी ठेवायची.

चाक हवेत आलं की डावीकडे-उजवीकडे, घड्याळात ९ आणि ३ असतात तिथे धरून हलवा. खटखट लागलं तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे टाय रॉडचं बाहेरचं किंवा आतलं टोक. मग वर-खाली, १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे खटखट असेल तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर बेअरिंग, तरीही राहिली तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि नकल जोडणारा सांधा). दोन मिनिटांचं काम आहे आणि कित्येक गॅरेजवाले घाईत ते करत नाहीत.

लोअर आर्मच्या बुशाचं रबर फाटलंय का ते टॉर्चने दिसतं. हा बुश फाटला की गाडी उभी असताना चाक जागेवर दिसतं, ब्रेक मारला की मागे सरकतं आणि टो बदलतो. मशीनवर सगळं बरोबर पण टायर आतून जातोच, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा हा रबरचा तुकडा असतो. शॉकअपवर तेलाचा ओलसर थर असेल तर तो गेला. रिम वाकलीय का ते चाक फिरवून बघा, आतल्या कडेला वाकलेली असते, बाहेरून अलॉय चकाचक.

इथे काही सापडलं तर आधी ते बदलायचं. सापडलेलं तसंच ठेवून अलाइनमेंट करू नका, पैसे दोनदा जातील.

पायरी ५: दुकानात

आता जा. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, मागे सहा गाड्या उभ्या असतील तर तुमच्या गाडीला दहा मिनिटं मिळतात. डिकीतलं सामान काढून ठेवा. आणि गाडीजवळ उभे राहा, चहा नंतर प्या.

थ्री डी मशीन असेल तर चारही चाकांना क्लॅम्प लावतात, त्यावर चकत्या असतात, समोरचे कॅमेरे त्या बघतात. चांगला माणूस आधी हवा बघतो. मग मशीनमध्ये तुमच्या गाडीचं मॉडेल निवडतो, हे बघा, घाईत भलतंच मॉडेल निवडलेलं असतं आणि मग हिरवं-लाल सगळंच भलतं. मग गाडी थोडी मागे-पुढे ढकलून मशीन रिमचा वाकडेपणा हिशोबात घेतं. मग स्टेअरिंग बरोबर सरळ करून त्याला पकड लावतात. ही पकड न लावता अंदाजाने काम केलं तर टो बरोबर होईल पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहील.

मग खाली टाय रॉडचा नट सैल करून रॉड फिरवतात, पुढच्या दोन्ही बाजूंचा. रॉड फिरवताना रॅकचं (स्टेअरिंगच्या गिअरचं) रबरी बूट पिळलं जात नाहीये ना बघा, ते फाटलं की आत धूळ-पाणी जातं आणि पुढचा खर्च रॅकचा. शेवटी नट परत टाइट केला का हे विचारायला लाजू नका, "दादा, लॉकनट टाइट केला ना?" एवढंच.

आता ते सुरुवातीला सांगितलेलं. या गाड्यांत साधारणपणे ॲडजस्ट होण्यासारखी एकच गोष्ट असते, पुढचा टो. मागे टॉर्शन बीम असल्यामुळे तिथे फिरवायला काही नसतंच. तरी बिलावर चारही चाकांचे वेगळे पैसे लावलेले असतात. मशीन चारही चाकं मोजतं हे खरं, पण काम पुढच्या दोन रॉडवर झालेलं असतं. मागची चाकं मोजायला मात्र हवीतच, कारण मागचा बीम तिरका बसला असेल तर गाडी खेकड्यासारखी थोडी तिरकी पळते आणि स्टेअरिंग कितीही सरळ करा, वाकडंच राहतं. मागे दोष निघाला तर बीमचे बुश, वाकलेला बीम किंवा हबच्या मागे घालायचे शिम (पातळ चकत्या), एवढेच रस्ते आहेत.

कॅम्बरसाठी वेगळे पैसे मागणं हा वेगळाच अध्याय आहे. स्ट्रट आणि नकल यांना जोडणारे दोन बोल्ट असतात, ते सैल करून छिद्रांतल्या सैलपणाएवढं चाक आत-बाहेर करता येतं, नाहीतर खास कॅम्बर बोल्ट मिळतात. हे ठीक. पण काही ठिकाणी लोखंडी चिमटा किंवा हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट चक्क वाकवतात आणि स्क्रीनवर आकडा हिरवा करून दाखवतात. याला सरळ नाही म्हणा. कॅम्बर मर्यादेबाहेर असेल तर कारण शोधायचं, काहीतरी वाकलंय किंवा गेलंय, वाकलेलं आणखी वाकवून बरोबर होत नाही.

ई एस सी (गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक मारून सावरणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांत अलाइनमेंटनंतर कधी डॅशबोर्डवर लाइट येतो, स्टेअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो, स्कॅनर असलेल्याकडे ते होतं.

पायरी ६: प्रिंट

प्रिंट मागा. आधीची आणि नंतरची, दोन्ही. "प्रिंटर बंद आहे" म्हणाला तर स्क्रीनचा फोटो काढा, त्यासाठीच तर उभे आहात.

आकडे डिग्री आणि मिनिटांत असतात, ६० मिनिटं म्हणजे एक डिग्री. पुढचा टो बघा: डावा, उजवा आणि एकूण. डावा-उजवा जवळजवळ सारखे पाहिजेत. वर मी जो पाव डिग्रीचा हिशोब सांगितला तो म्हणजे १५ मिनिटं, तेव्हा आधीच्या रकान्यात १५-२० मिनिटं दिसली तर टायर का गेला ते तिथेच कळलं. आणि आधीच्या रकान्यात टो अगदी बरोबर होता, तरी टायर करवतीसारखा झिजलाय, तर? मग पायरी ४ परत, काहीतरी चालताना हलतंय.

कॅम्बरचा नुसता आकडा न बघता डाव्या-उजव्यातला फरक बघा. अर्ध्या डिग्रीहून जास्त फरक असेल तर गाडी ओढते आणि ज्या बाजूचा आकडा विचित्र ती बाजू तपासायची.

मागचे आकडे लाल असतील आणि माणूस म्हणाला "ते तसंच असतं साहेब", तर अर्धं खरं असतं, कारण त्याला तिथे काही करता येत नाही. थोडं मर्यादेबाहेर असेल आणि मागचे टायर सारखे झिजत असतील तर सोडून द्या. मागचा टायर आतून जात असेल तर सोडू नका.

दुकानातून निघाल्यावर लगेच एक-दोन किलोमीटर चालवा, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं असेल तर तसेच परत जा, दुसऱ्या दिवशी गेलात तर "खड्ड्यात गेली असेल" हे उत्तर तयार असतं. चाकं काढली असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा टाइट करून घ्या, एक सोडून एक या क्रमाने.

पायरी ७: अदलाबदल आणि नवे टायर

८ ते १० हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे करायचे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे तिरके पुढे, म्हणजे मागचा डावा पुढे उजवीकडे. बाणवाले टायर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे. काही टायरवर आउटसाइड लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेर आहे ना हे पंक्चर काढल्यावरसुद्धा बघून घ्या, उलटे बसवलेले बरेच दिसतात. अलाइनमेंट तपासायचीही हीच वेळ, आणि त्याशिवाय मोठा खड्डा लागला, टाय रॉड, लोअर आर्म किंवा स्ट्रट बदलला, नवे टायर टाकले तर तेव्हा.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा. हे ऐकून दुकानदारही हसतील कारण सगळे पुढे लावतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बऱ्याचदा सावरते, मागची सुटली तर गाडी गोल फिरते आणि आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरला ती आवरत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात.

आणि एक अपेक्षा आधीच सांगून ठेवतो, अलाइनमेंट केली म्हणून झिजलेलं रबर परत येत नाही. करवतीसारखे झालेले टायर अलाइनमेंटनंतरही काही दिवस आवाज करणारच, त्यावरून काम चुकलं असं म्हणू नका. दोन हजार किलोमीटरनंतर तेच बारा आकडे पुन्हा मोजा आणि मोबाइलमधल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. आतल्या आणि बाहेरच्या कडेतला फरक आधी होता तेवढाच राहिला असेल तर रोग थांबलाय, टायर मागे टाका आणि संपेपर्यंत वापरा. फरक वाढला असेल तर प्रिंट घेऊन जा, पण आता अलाइनमेंटवाल्याकडे नाही, मिस्त्रीकडे, आणि आधी तो लोअर आर्मचा बुश बघायला सांगा.